धाकुबायच्या मिशा

“मिशा पिळदार काढू का झुपकेदार?” नाग्या रंगाऱ्यानं मला विचारलं.

“कशाही काढ, पण लवकर काढ!”

“कशाही कशा काढणार? चेहरा बघून काढाव्या लागतात.”

नाग्या गुडघाभर पाण्यात उभा होता. एका हातात डांबराचा डबा, दुसऱ्यात कुंचला, एक डोळा मिटलेला. समोर आमच्या होडीचं पुढचं टोक होतं आणि त्याच्या दोन्ही अंगांना रंगवलेले दोन मोठे डोळे. आमच्याकडे सगळ्याच होड्यांना असतात, रस्ता दिसावा म्हणून.

“पण हिचे डोळे जरा बाईमाणसाचेच…” नाग्या बोलला आणि त्यानं जीभ चावली. मागं वळून पाटलाकडं बघितलं. हिराजी पाटलाचा डावा कान बहिरा होता आणि सुदैवानं तोच आमच्याकडं होता.

वर आमच्या घरातून द्वारकेची किंकाळी आली. घर धक्क्याला लागूनच. मी पायऱ्यांकडं बघितलं. धक्क्याला नऊ पायऱ्या होत्या, त्यातल्या वरच्या तीन कोरड्या झाल्या होत्या. चौथी ओली चमकत होती.

नववी उघडी पडली की आमच्या खाडीत पाणी उरत नसे, नुसता कंबरभर चिखल. मग सहा तास ना होडी जायची, ना माणूस. आता तिथं पूल आहे, रिक्षा जातात. ही चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट.

द्वारका माझी बायको. पहिलंच बाळंतपण, दुसरा दिवस. सकाळी पदीबाय सुईण हात पुसत बाहेर आली. अर्धा गाव तिच्या हातावर जन्मलेला, मीही. तिला मी तोवर कधी घाबरलेली बघितली नव्हती.

“हऱ्या, पोर आडवं हाय,” ती म्हणाली. “माझ्या हातातलं नाय. पलीकडं डॉक्टरणीकडं ने. पण याच पाण्यावर ने. पुढच्या भरतीपर्यंत ही पोरगी टिकायची नाय.”

पलीकडं म्हणजे खाडीपार. वल्हवत अर्धा तास. रस्त्यानं गेलं तर तीस मैलांचा वळसा, आणि त्या रस्त्यानं दिवसाला एक एसटी जायची, तीही मनात आलं तर. बायका पलीकडं जायच्या त्या माणसांची ने-आण करणाऱ्या मोठ्या पडावातून. नेमका तो पडाव पहाटेच वऱ्हाड घेऊन वर खाडीत गेला होता, संध्याकाळच्या पाण्याशिवाय परतणार नव्हता. गावातल्या बाकी होड्या बांगडा आला म्हणून खोल दर्यात. धक्क्याला होती ती एकटी आमची होडी, धाकुबाय. तिच्या तळाला डांबर मारायचं होतं म्हणून ती राहिली होती.

आणि धाकुबायमध्ये बाई बसत नसे.

कुठल्याच होडीत बसत नसे. होडी म्हणजे ती. नवी होडी पाण्यात सोडताना आम्ही तिची ओटी भरायचो, टोकाला हिरव्या बांगड्या बांधायचो. धाकुबायला तर माझ्या बानं पितळेची नथ ठोकली होती. दर्या हा तिचा नवरा. तिच्यात दुसरी बाई बसवली की सवत आली, मग तो काय करील सांगता येत नाही. पडाव हा तो, त्यामुळं पडावात बायका चालायच्या. आम्ही हा नियम इतका कडक पाळायचो की होडीतून कोंबडी न्यायची नाही, कोंबडाच न्यायचा. एकदा बोकड म्हणून चढवलेली शेळी निघाली तेव्हा तिला मधोमध पाण्यात सोडून दिलं. ती पोहत आमच्याआधी घरी पोचली.

त्याच्या आदल्या वर्षी पोशानं आपल्या मेव्हणीला होडीतून नेलं होतं. शिमग्याला पोशाची होडी दोन माणसांसकट बुडाली. पोशा त्या दिवशी तर्र होता आणि होडीला भोक होतं, ह्या गोष्टी कोणी धरत नसे.

माझा बा, जोमा तांडेल, काही दुष्ट माणूस नव्हता. पदीबायचं ऐकून तो मटकन ओट्यावर बसला. “मी नको बोलतो का? माझी सून हाय ती,” तो म्हणाला. “पण अकरा माणसं जातात रे या होडीवर. त्यांच्या बायकांना उद्या काय तोंड दाखवू?”

मग मी पाटलाकडं पळालो. हिराजी पाटील ऐंशीचा. कुठला रिवाज कोणी मोडला आणि कोणाचं काय वाटोळं झालं, सगळं त्याला पाठ. तो काठी टेकत धक्क्यावर आला, होडीकडं बघितलं, पाण्याकडं बघितलं.

“बाई होडीत बसत नाय. बरोबर?”

“बरोबर.”

“पडावात बसते. का? पडाव पुरुष. मग होडीला पुरुष करा.”

“मचवा म्हणूया ना मग हिला,” नाग्या म्हणाला. “मचवा पण तोच.”

“म्हणून होतो काय? मचवा दुप्पट मोठा असतो. दर्या काय आंधळा हाय?” पाटील खेकसला. “नथ काढा, बांगड्या काढा. नाव पुसा, बाप्याचं नाव घाला. मिशा काढा, डोक्याला फेटा बांधा. मग नारळ फोडून सांगायचं, आजपासून तू पुरुष. माझ्या आज्यानं केलेलं हाय. आणि एक. नारळ फुटला की परत येईस्तोवर ‘ती’ म्हणायचं नाय. कोणी म्हटलं तर आतली बाई जागी होते. मग ज्यानं म्हटलं त्यानं आपल्या घरचा नारळ आणायचा आणि पहिल्यापासून.”

मी पाटलाच्या पायावर डोकं ठेवलं. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

तर मिशा झुपकेदार काढल्या. मग नावाची भानगड निघाली.

“माझ्या आज्याचं नाव द्या. धर्माजी,” पाटील म्हणाला.

“तुझ्या आज्यानं माझ्या आज्याचं जाळं कापलं होतं,” बा म्हणाला. “मी त्याच्यात बसून मासे मारू?”

“मेला तो. बस की खुशाल.”

“मेला तरी बोचेल.”

“शेवटचं अक्षर खरवडतो,” नाग्या मध्येच म्हणाला. “धाकुबायचा धाकुबा होतो. एका मिनिटाचं काम.”

“लबाडी करतोस? दर्याशी?”

पाचवी पायरी कोरडी झाली. सहावी ओली चमकायला लागली. घराच्या दारातून पदीबाय ओरडली, “अरे, कोणाचं बारसं चाललंय तिकडं? इथं पोर अडकलंय माझं!”

शेवटी नाग्यानं ‘पहिलवान’ असं लिहून टाकलं. एका तालमीची पाटी त्यानं रंगवली होती, तेवढी अक्षरं त्याच्या हातात बसलेली. शिवाय पहिलवान हे कोणाच्याच आज्याचं नाव नव्हतं.

फेटा आमच्या घरातून आला. माझ्या लग्नातला, गुलाबी. बा तो टोकाला गुंडाळायला लागला तोच पाटलानं काठी वर केली.

“थांब. आणि खाली?”

“खाली काय?”

“पुरुष खाली उघडा जाईल?”

“खाली पाणी हाय, पाटील.”

“म्हणून काय झालं? लंगोट तरी पायजे.”

“तुमचा सोडून द्या!” पदीबाय दारातून म्हणाली. “उघड्या पुरुषाला बघून मी नाय लाजत. साठ वर्षं उघडेच बघतेय, जन्मल्या जन्मल्या!”

लंगोट राहिला. बानं पहिला नारळ फोडला, ‘आजपासून तू पुरुष’ म्हणाला. मी फेट्याचं टोक घट्ट ओढलं.

“हळू रे,” बा म्हणाला, “आवळेल ना तिला!”

 बाच्या लक्षात आलं तसं त्यानं स्वतःच्या दोन्ही गालांत मारून घेतलं. एकवीस वर्षं तो त्या होडीशी पोरीशी बोलावं तसं बोलत आला होता. तो निमूट घरात गेला आणि देवाजवळचा नारळ घेऊन आला. घरातला तेवढाच होता. दुसरा नारळ फुटला. सहावी पायरी कोरडी.

पाटील दोन पावलं मागं सरला. काठीवर दोन्ही हात ठेवून त्यानं आपलं काम डोळे भरून बघितलं. गुलाबी फेटा, काळ्या मिशा, खाली ‘पहिलवान’.

“वा!” तो म्हणाला. “आता बघा कशी दिसते!”

नाग्यानं माझ्याकडं बघितलं. मी बाच्याकडं बघितलं. बा आकाशाकडं बघत होता. पाटलाला कोणी कधी चूक दाखवत नसे. तो क्षण तसाच निघून गेला असता.

“पाटील,” मी म्हणालो, “तुम्ही ‘कशी’ म्हणालात.”

“मी?”

“हो.”

“मी ‘कसा’ म्हणालो.”

“‘कशी दिसते’ म्हणालात, पाटील. नाग्यानं पण ऐकलं.”

नाग्या डांबराच्या डब्यात काहीतरी शोधायला लागला. पाटलाचा चेहरा लाल झाला. आधी तो म्हणाला, त्याचा एक कान बहिरा आहे म्हणून आम्ही त्याला फसवतोय. मग म्हणाला, त्याच्या आज्याच्या वेळी दोन चुका माफ होत्या.  आणि मग, खरं सांगतो, त्या म्हाताऱ्यानं मान खाली घातली.

“चुकलं,” तो म्हणाला. “नारळ आणतो.”

“मी पळत आणतो तुमच्या घरून.”

“ज्याची चूक त्यानं आणायचा.”

पाटलाचं घर वाडीच्या दुसऱ्या टोकाला. तो काठी टेकत गेला. काठी टेकत आला. वाटेत दोनदा बसला. मी त्याच्या मागून चालत होतो, ढकलता येत नव्हतं म्हणून नुसता चालत होतो. परत आलो तेव्हा सातवी पायरी कोरडी होती आणि घरातला आवाज बारीक झाला होता. पदीबाय आता आम्हाला शिव्या देत नव्हती. त्याची मला जास्त भीती वाटली.

तिसरा नारळ फुटला.

मी आणि नाग्या द्वारकेला लाकडी खुर्चीत बसवून खाली घेऊन आलो. तिचं तोंड राखेसारखं झालं होतं, केस गालाला चिकटलेले. पायऱ्या उतरताना तिनं डोळे उघडले. समोर गुलाबी फेटा.

“हे कोण?” तिनं विचारलं.

“पहिलवान,” मी म्हणालो.

तिनं मिशा बघितल्या. मग फेटा ओळखला. तशा कळांतही तिला हसू आलं, बारीकसं, नाकातून. “अगं बाई,” ती म्हणाली, “भावोजी आलेत न्यायला.” आणि तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मोठ्या दिरासमोर ओढावा तसा.

सगळ्या धक्क्यावर न चुकता बोललेलं ते एकच माणूस.

पदीबाय तिच्या मागोमाग होडीत चढायला लागली तशी पाटलानं काठी आडवी घातली. “तू कुठं? एका पुरुषासंगत दोन बायका?”

“तुझ्या बापाला तीन होत्या, हिराजी. सरक!”

काठी बाजूला झाली. आठवी पायरी उघडी पडली होती. होडीचा तळ खाली चिखलाला टेकला होता, पण जेमतेम. एक जोराचा रेटा दिला की सुटली असती. बा, नाग्या, मी आणि वाडीतली दोन म्हातारी माणसं, आम्ही पाचजण लागलो. मी पुढं टोकाशी होतो.

“हाँ, एकदम!” बा म्हणाला.

आता हे नीट सांगायला पाहिजे. टोकाच्या आत, फळीखाली, एक कोनाडा असतो. त्यात कुंकवाचा करंडा. होडी सोडायच्या आधी पुढं जो असेल त्यानं चिमूटभर कुंकू घ्यायचं आणि होडीच्या कपाळाला लावायचं. मी सोळा वर्षांचा असल्यापासून पुढं असायचो. दहा वर्षं, रोज. तो काही विचार करून करायचा प्रकार नव्हता. आणि त्या दिवशी तर माझी बायको आत होती. त्या दिवशी मी दर्याकडं, होडीकडं, जो कोणी ऐकत असेल त्याच्याकडं हात जोडत होतो.

माझा हात कोनाड्यात गेला. चिमूट घेऊन आला. दोन डोळ्यांच्या मधोमध, मिशांच्या वर, फेट्याच्या खाली, मी ठसठशीत कुंकू लावलं.

“बाय,” मी म्हणालो, “सांभाळ.”

रेटा बसलाच नाही. बानं हात काढले. नाग्यानं काढले. ती दोन म्हातारी माणसं चटका बसल्यासारखी मागं झाली. होडी हलली नव्हती. तिच्या कपाळावरून कुंकू ओघळत मिशीत उतरत होतं.

“ढकला!” पदीबाय आतून ओरडली. “काय बघता? पाणी हाय अजून! ढकला रे मुडद्यांनो!”

पाणी होतं. मला दिसत होतं. बा माझ्याकडं बघत होता. आजपर्यंत मी कोणाला हे सांगितलं नाही, पण त्याच्या डोळ्यांत असं काही होतं की मी नुसता खांदा लावला असता तर त्यानंही लावला असता. पाटील तोंड फिरवून खाडीकडं बघत उभा होता.  नारळ आणा असं कोणीच म्हटलं नव्हतं.

मी खाली बघितलं. माझे हात होडीवर नव्हते. कधी काढले तेही मला कळलं नव्हतं.

“एक नारळ, द्वारके,” मी म्हणालो. “लगेच आणतो.” आणि मीच आत वाकलो, मीच तिला उचललं आणि परत खुर्चीत ठेवलं. पदीबायनं माझ्या दंडाला कडकडून चावा घेतला. तरी ठेवलं.

द्वारकेनं पदराआडून होडीकडं बघितलं.

“रुसले वाटतं भावोजी,” ती म्हणाली.

घरात नारळ नव्हता. मी मागच्या माडावर चढलो. मला माडावर कधी नीट चढता येत नसे, अर्ध्यावरून एकदा घसरलो, छाती सोलून निघाली. नारळ पाडला, सोलला, शेंडी ठेवून सोलला, कारण शेंडी नसलेला चालत नाही. पळत आलो. फोडला. ‘आजपासून तू पुरुष’ म्हणालो. एक शब्द चुकला नाही.

नववी पायरी कोरडी होती. होडी चिखलात एका कुशीवर कलली होती. फेटा सुटून लोंबत होता.

मग आम्ही सहाजणांनी ढकलली. आता सगळे लागले, पाटीलसुद्धा, काठी टाकून. बा रडत होता आणि ‘चल गो बाय, चल गो पोरी’ म्हणत होता आणि कोणी त्याला अडवत नव्हतं. होडी वीतभर सरकली आणि चिखलात आणखी रुतली.

द्वारकेला घरी नेलं नाही. तिला हलवायचं नाही, पदीबाय म्हणाली. धक्क्यावरच जुनं शीड बांधून सावली केली. ऊन चढत गेलं. ती थोडा वेळ माझा हात धरून होती. मग धरून नव्हती. दुपारी एकच्या सुमाराला पदीबाय शिडाखालून बाहेर आली, खाडीच्या चिखलावर थुंकली आणि कोणाकडं न बघता घरी निघून गेली. पोर आतच राहिलं.

चारनंतर पाणी यायला लागलं. पाचपर्यंत आठवी, सातवी, सहावी बुडाली. होडी आपणहून उभी राहिली आणि डुलायला लागली. दर्यातून बाकीच्या होड्या परत आल्या, बांगड्यानं भरलेल्या. माणसं उतरली, ऐकलं, टोपल्या तिथंच ठेवून आमच्या अंगणात आली.

आमच्या वाडीत जाळायला-पुरायला जागा नाही. मसण खाडीपार, वाळूत.

बा माझ्याजवळ आला. “ऊठ,” तो म्हणाला. “उजेड हाय तोवर न्यायला पायजे.”

“कशातून?” मी विचारलं.

 मी पाटलाकडं बघितलं. तो जोत्याच्या कडेला बसला होता, सकाळपेक्षा दहा वर्षांनी म्हातारा.

“होडीतून,” तो म्हणाला.

“चालतं?”

“आता चालतं, पोरा. मयताला बाई-पुरुष नसतं. ते कशातूनही जातं.”

नाग्या डांबराच्या फडक्यानिशी पुढं झाला. “मिशा पुसू का आधी?”

“असू दे,” बा म्हणाला.

तिरडी उचलायला इतके हात आले की मला जागा मिळेना. सकाळी पाच होते, आता तीस असतील. कोणी पायऱ्यांवर ओळीनं उभे राहिले, कोणी पाण्यात उतरून होडी धरली. सगळ्यांना काय करायचं ते ठाऊक होतं. कोणी अडखळत नव्हतं, कोणी कोणाला सांगत नव्हतं.

“ते इकडून घ्या.”

“ते जरा वर धरा, पाणी लागतंय.”

“सावकाश. डोकं पुढं येऊ दे त्याचं.”

नारळ कोणी मागितला नाही. होडीच्या काठावरून आत घेताना एक लाट आली. होडी कलली, तिरडीचं माझ्या बाजूचं टोक घसरलं, हिरव्या साडीतून द्वारकेचा हात बाहेर आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

“धरा, धरा! पडेल ते!”